सर थांबतायत, तीन जण सोडून चाललेत: आता संस्थेचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात बावीस वर्षं पाणलोट, बियाणं बँक आणि बचत गटांचं काम करणारी एक संस्था आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली. कार्यकारी मंडळावर सात जण, पगारावर चौदा माणसं. संस्थापक-अध्यक्ष, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, ६९ वर्षांचे आहेत आणि तब्येतीमुळे थांबतायत. त्यांच्या पत्नी खजिनदार आहेत. कार्यकारी संचालक म्हणून पुण्याहून एका ताईंची निवड झाली आहे. त्या कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, कामातून आलेल्या. बातमी फुटल्यापासून तीन जुन्या लोकांनी राजीनामे दिलेत. सचिव विचारतात: धर्मादाय कार्यालयात काय करावं लागेल, लोकांना कसं थांबवायचं, आणि सरांना 'मार्गदर्शक' म्हणून ठेवावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. ठेवू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

'मार्गदर्शक' हे पद तुमच्या संस्थेच्या घटनेत नसेल, पण ते तयार झालं की संस्थेतला सगळ्यात मोठा अधिकार तिथे जाऊन बसतो. ना सही, ना जबाबदारी, आणि शब्द मात्र अंतिम. नव्या ताईंनी एखाद्या गावाला नाही म्हटलं की गावकरी संध्याकाळी सरांच्या ओट्यावर जाऊन बसतील. सर चांगले आहेत म्हणूनच 'बघतो, बोलतो ताईंशी' म्हणतील. चार वेळा असं झालं की ताईंना कोणी विचारणार नाही. मी हे दुसऱ्याचं बघून सांगत नाही. मी स्वतः एका संस्थेतून सतरा वर्षांनी बाहेर पडलो, तेव्हा तीन महिने दर सोमवारच्या बैठकीला 'नुसता चहा प्यायला' जात होतो. माझ्यानंतर आलेल्या बाईंनी एका सोमवारी बैठक संपल्यावर शांतपणे विचारलं, "सर, पुढच्या सोमवारी मी तुमच्याशी बोलू की तुमच्या चहाशी?" राग आला होता. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर बोलली. त्यानंतर मी अशा सात संस्थांच्या बदलांत बाहेरचा माणूस म्हणून बसलो आहे. त्यातल्या दोन फसल्या, आणि एकीकडे जुना माणूस पूर्ण गेलाच नव्हता.

आता कागद. इथे बहुतेक मंडळी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. ताई पगारी कार्यकारी संचालक आहेत, कार्यकारी मंडळाच्या सदस्य नाहीत. त्यांच्या नेमणुकीसाठी मंडळाचा ठराव आणि नेमणूक पत्र पुरतं, धर्मादाय कार्यालयात काही दाखल करावं लागत नाही. सर अध्यक्षपद सोडतायत आणि त्यांच्या जागी कोणी येतंय, हा मात्र नोंदवहीतला बदल आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातल्या बदलाला तात्पुरती मान्यता मिळण्याची आणि उशीर माफ करून घेण्याची सोय कायद्यात आली आहे. पण त्या भरवशावर राहू नका. उशिराच्या अर्जावर कोणाचीही हरकत आली की ते प्रकरण किती तारखा खाईल सांगता येत नाही.

चेंज रिपोर्ट अडतो तो बहुतेक वेळा नोटिशीवर. तुमच्या घटनेत सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची लिहिलंय ते आधी वाचा, कारण प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. मग ती नोटीस प्रत्येक सभासदाला पोचल्याचा पुरावा ठेवा, म्हणजे पोस्टाच्या पावत्या किंवा सह्यांचं रजिस्टर. ग्रुपवर टाकली होती, हे घटनेत तशी तरतूद नसेल तर चालत नाही. सभासद यादी अद्ययावत आहे का, वारलेल्यांची नावं अजून त्यात आहेत का, गणपूर्ती कशावर मोजली, हे सगळं आधी बघा. सरांचा राजीनामा तारखेसह लेखी, नव्या सदस्याचं संमतीपत्र, सभेचं इतिवृत्त आणि हजेरीच्या सह्या. इतिवृत्त सभेच्या दिवशीच वहीत लिहा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं इतिवृत्त वकिलाला लांबून ओळखू येतं.

बँक हा यातला खरा काटा. सह्यांचे अधिकार बदलायला गेलात की बरेच बँकवाले परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीतल्या विश्वस्तांच्या नावांचा, नवा उतारा मागतात, आणि तो चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याशिवाय निघत नाही. म्हणजे सर गेले, नवे अध्यक्ष आले, पण चेकवर सही सरांचीच. म्हणून सर पदावर असतानाच ठराव करून मंडळावरचा तिसरा सहीदार वाढवून घ्या आणि 'तिघांपैकी कोणतेही दोन' अशी पद्धत ठेवा. आणि एका वर्षात दोन्ही जुन्या सह्या बदलू नका.

इथे एक अवघड गोष्ट बोलावी लागेल. काकूंबद्दल, म्हणजे सरांच्या पत्नींबद्दल. त्यांनी वर्षानुवर्षं हिशेब चोख ठेवले असतील, त्याबद्दल शंका नाही. पण सर गेले आणि खजिनदार काकूच राहिल्या, तर प्रत्येक व्हाउचर सहीसाठी त्याच घरी जाणार. त्या घरात सर आहेत. सोफ्यावर बसलेला माणूस व्हाउचर बघणारच. त्यामुळे काकूंनी यंदाचा ताळेबंद पूर्ण करून, लेखापरीक्षण झाल्यावर, पुढच्या वर्षीच्या सभेत पद सोडावं असं आत्ताच ठरवा आणि तसं इतिवृत्तात येऊ द्या. तोवर तिसरा सहीदार आलेला असेल. हे त्यांच्याशी बोलायचं काम सरांचं नाही आणि ताईंचं तर अजिबात नाही. ते तुमचं, म्हणजे सचिवांचं.

परदेशी निधीची नोंदणी असेल तर ते खातं वेगळं. तिथे मुख्य कार्यकर्त्यांमध्ये, ज्यांना फॉर्मवर 'की फंक्शनरी' म्हणतात, बदल झाला की एफसी-६ई हा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्याची मुदत ४५ दिवस आहे. धर्मादायची मुदत ९० दिवसांची असल्याने लोक दोन्ही एकत्र करू म्हणून बसतात आणि ही चुकते. शिवाय इथे पगारी संचालकसुद्धा मोजला जाऊ शकतो, तेव्हा ताईंचं नाव त्यात येतं का हे तुमच्या सीएंना आधीच विचारून घ्या.

आणि मोबाइल. हसू नका. आयकर पोर्टल, टीडीएस, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं दर्पण पोर्टल, भविष्य निर्वाह निधी, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, बँक, या सगळ्यांचे ओटीपी कोणाच्या फोनवर येतात ते उद्या बसून लिहून काढा. माझ्या माहितीतल्या एका संस्थेत ते सगळे संस्थापकांच्या स्वतःच्या नंबरवर येत होते. निवृत्त झाल्या झाल्या ते नर्मदा परिक्रमेला निघाले, फोन घरी ठेवून. टीडीएसचं विवरणपत्र भरायची तारीख आली, आणि लेखापाल बिचारा त्यांच्या सुनेला फोन करकरून ओटीपी मागत होता. संस्थेच्या नावाचं एक सिम आणि एक साधा फोन कार्यालयात ठेवला तर हे सगळं टळतं.

आता माणसं. तीन राजीनामे आले म्हणजे अकरा अजून आहेत, आणि त्या अकरांमधला एक जण असा असणार ज्याला वाटत होतं की सरांनंतर आपणच. प्रत्येक संस्थेत असतो. चौदा-पंधरा वर्षं गावं पायाखाली घातलेला, नाल्याच्या उताराचा अंदाज नुसत्या नजरेने सांगणारा, पण अहवाल लिहायला सांगितला की पोटात गोळा येणारा. तुम्ही ताईंची निवड करताना त्याला विचारलं होतं का? अर्ज करायला सांगितलं होतं का? नसेल, तर आधी त्याच्याकडे जा. त्याच्या घरी, कार्यालयात नाही. त्याची निवड का झाली नाही हे खरं सांगा. 'तुम्हीच तर संस्थेचा कणा आहात' असलं काही बोलू नका, त्याने जास्त चिडतो माणूस.

आपल्याकडे 'कार्यकर्ता' आणि 'कर्मचारी' हे दोन शब्द फार चतुराईने वापरले जातात. काम करून घेताना तो कार्यकर्ता असतो, त्याला मिळतं ते मानधन. रजा मागितली की तोच कर्मचारी होतो. हे बावीस वर्षं चाललं, कारण सरही त्याच मानधनावर होते आणि सगळ्यांना ते दिसत होतं. आता ताई बाजारभावाने येणार. समजा त्यांचा पगार ८५ हजार ठरला आणि चौदा वर्षं झालेल्या माणसाला १८ हजार मिळतात, तर हा आकडा गुप्त ठेवण्याची कितीही काळजी घ्या, दुसऱ्या दिवशी दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना कळलेला असतो. ताईंचा पगार कमी करा असं माझं म्हणणं नाही, चांगला माणूस तेवढ्याला मिळतो. पण ज्या बैठकीत त्यांचा पगार मंजूर कराल, त्याच बैठकीत बाकीच्यांच्या वेतनश्रेणीचा विषय घ्या. पैसे कमी असतील तर थोडे वाढवा, पण विषयपत्रिकेवर तो आहे हे त्यांना दिसू द्या.

जे तिघे चालले आहेत त्यांचा हिशेब राजीनाम्याच्या आठवड्यातच काढायला घ्या. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ग्रॅच्युइटी द्यावी लागते आणि तुमच्याकडे चौदा आहेत. नियमित नोकरीत पाच वर्षं सलग झालेल्याला ती लागू होते. मानधन हा शब्द वापरल्याने ती टळत नाही. गणित सोपं आहे: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. वर सांगितलेल्या माणसाचे १८ हजार सगळे मूळ पगारातच धरले तर चौदा वर्षांचे १ लाख ४५ हजारांच्या वर होतात. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. छोट्या संस्थांनी याची तरतूद केलेली नसते, हे मला माहीत आहे. तरी मुदत ठेव मोडा पण द्या. उरलेले अकरा जण एकच गोष्ट बघत असतात: जाणाऱ्याला कसं पाठवलं.

जाणाऱ्यांशी शेवटचं बोलणं सरांनी करू नये, ते रडतील किंवा रागावतील. ताईंनीही करू नये, त्यांना अजून काही माहीतच नाही. मंडळावरच्या एखाद्या शांत माणसाने करावं, आणि ऐकावं जास्त. त्याच वेळी एक गोष्ट मागून घ्या: त्यांच्या फोनमधलं काम. गावांचे ग्रुप, बांधांचे फोटो, मोजमापं, पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांचे नंबर, सगळं त्यांच्या खासगी फोनमध्ये आहे आणि कार्यालयातल्या कपाटात त्याचा मागमूस नाही. यात त्यांची चूक नाही, संस्थेने त्यांना कधी फोन दिला नव्हता.

आता ज्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो. तुमच्या सरांनी बावीस वर्षांत गावोगावी शब्द दिलेले आहेत, आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत. एका वाडीला 'लोकवर्गणी अर्धीच घेऊ, बाकीचं श्रमदानात धरू' म्हणाले असतील. हवामान केंद्राला जागा देणाऱ्याच्या मुलाला 'पुढच्या प्रकल्पात तुझं बघतो' म्हणाले असतील. फुटलेल्या नाला बांधाच्या दुरुस्तीचे पैसे 'पुढच्या वर्षीच्या निधीतून' देणार असतील. हे काही भ्रष्टाचार नाहीत. गावात काम असंच उभं राहतं, माणसाच्या शब्दावर. पण माणूस गेला की शब्द संस्थेच्या अंगावर पडतो, आणि ताईंना तो आहे हेच ठाऊक नसतं.

मी बघितलेल्या दोन फसलेल्या बदलांपैकी एक नेमका इथे फसला. नव्या संचालकाने आल्या आल्या सगळ्या गावांना लोकवर्गणीचा एकच दर लावला. कागदावर अगदी बरोबर होतं. एका गावाला जुन्या संचालकाने सवलत कबूल केली होती, कारण त्या गावाने पाझर तलावासाठी गायरानातला रस्ता दिला होता. गावाला वाटलं संस्था फिरली. ग्रामसभेत ठराव झाला, उन्हाळाभर तिथे एक टिकाव पडला नाही, आणि शेजारच्या चार गावांनी तेच केलं. मार्चअखेर निधी पडून राहिला. देणगीदाराला ते नीट सांगताही येईना, कारण सांगायचं तर काय, की आमच्या आधीच्या साहेबांनी एका पारावर बसून काय म्हटलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं?

म्हणून सरांना चार दुपारी बसवा. सोबत ताई, आणि गावं माहीत असलेला तो एक जुना कार्यकर्ता, ज्याच्या घरी तुम्ही गेला होतात. साधी शंभर पानी वही घ्या आणि गावागावाने लिहा: कोणाला शब्द दिला, काय दिला, साधारण कधी, त्यात पैसे किती, काही पाळून झालंय का. पहिल्या दुपारी सर म्हणतील की असं काही विशेष नाही. दुसऱ्या दुपारी सुरू होतील. जुना कार्यकर्ता मध्येच 'सर, ते खालच्या आळीचं विसरलात' म्हणेल, आणि ती वही भरायला लागेल. एका संस्थेत असे एकसष्ट शब्द निघाले होते. त्यातल्या दोन जागी एकच टँकर दोन वाड्यांना कबूल केलेला होता.

मग त्या यादीत जे पाळायचे ते मंडळाच्या बैठकीत मंजूर करा, म्हणजे ते सरांचे न राहता संस्थेचे होतात. आणि जे पाळता येणार नाहीत, ते नाही म्हणायला सरांनी स्वतः त्या गावात जायचं. पद सोडण्याआधी. ताईंना बरोबर घेऊन, पण बोलायचं सरांनी. हे सगळ्यात जड काम आहे आणि बहुतेक संस्थापक ते टाळतात. निरोपाच्या भाषणात सगळ्या गावांचे आभार मानणं सोपं असतं, पारावर बसून 'मी म्हणालो होतो, पण जमणार नाही' म्हणणं अवघड. पण ते सरांनी म्हटलं तर गाव ऐकून घेतं, चार शिव्या घालतं आणि चहा पाजतं. तेच ताईंनी पुढच्या वर्षी म्हटलं तर गाव दार लावून घेतं.

तुम्ही विचाराल, मोठ्या संस्थांनी हे कसं निभावलं. उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी बाएफ ही ग्रामविकासाची संस्था सुरू केली. १९९३ मध्ये ते वारले, तेव्हा पुढे आलेले डॉ. नारायण हेगडे संस्थेतच वर्षानुवर्षं काम केलेले होते. त्यांच्यानंतरचे गिरीश सोहनी आणि भरत काकडे हेही आतलेच. तिथे शिडी होती. चौदा माणसांच्या संस्थेत शिडी नसते, एक खुर्ची असते आणि तेरा सतरंज्या, त्यामुळे ते उदाहरण तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. मला तुमच्यासाठी पुरंदरच्या नायगावचं पाणी पंचायतीचं काम जास्त जवळचं वाटतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ते उभं केलं. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस लावायचा नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. गटाचा पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, गटाने नेमायचा. साळुंखे २००२ मध्ये वारले. पण हे नियम शेतकऱ्याला तोंडपाठ होते, ते लागू करायला पुण्याहून कोणी यायची गरज नव्हती. तुमच्या सरांच्या डोक्यात असे जे नियम आहेत, कोणत्या गावात काम घ्यायचं, कोणत्या अटीवर थांबवायचं, वर्गणी कधी सोडायची, ते त्या वहीच्या शेवटच्या चार पानांवर लिहून घ्या. ताईंना पुढे ते बदलता येतील. पण आधी माहीत तर हवेत.

वेळ कोणती, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मार्चमध्ये करू नका, निधी संपवायची धावपळ असते. दिवाळीनंतर मातीकाम सुरू झालं की पाऊस पडेपर्यंत कोणाला मान वर करायला सवड नसते. जुलै ते सप्टेंबर हा काळ चांगला. कामं थांबलेली असतात, आणि शिवारफेरीला तेव्हाच अर्थ असतो, कारण सलग समतल चरात पाणी साचलंय की सांड, म्हणजे जादा पाण्याची वाट, फुटून वाहून गेलंय हे डोळ्यांनी दिसतं. ताईंना प्रत्येक गावाची एक शिवारफेरी पावसातच घडवा, गाडी गावाबाहेर उभी करून, चालत. पुण्याची म्हणून जी कुजबुज चालली आहे ती दोनदा पाय घसरून चिखलात बसल्यावर बरीच कमी होते. ३० सप्टेंबरच्या आत लेखापरीक्षण पूर्ण करा, त्याच सुमारास सर्वसाधारण सभा घ्या, आणि १ ऑक्टोबरपासून सूत्रं ताईंकडे. मोठ्या देणगीदारांना मात्र ही बातमी पत्राने कळू देऊ नका. ऑगस्टमध्येच सर आणि ताई दोघांनी मिळून जाऊन भेटा. करारात प्रमुख व्यक्ती बदलल्यास कळवण्याची अट असते ती आधी वाचून जा.

ताईंना पहिल्या सहा महिन्यांसाठी माझी एकच विनंती राहील: पदांची नावं आणि आखणी बदलू नका, नवे फॉर्म आणू नका. एक फॉर्म फारच हवा असेल तर त्याच्या बदल्यात जुने दोन बंद करा. मंडळानेही त्यांना दर महिन्याला प्रगती विचारू नये. तीन महिन्यांनी एकदा, ठरलेल्या चार प्रश्नांवर.

आणि निरोप समारंभ. तालुक्याच्या हॉलमध्ये, पाहुण्यांच्या सत्कारांसकट करायचा बेत असेल तर पुढे ढकला. सूत्रं गेल्यावर महिन्याभराने, ज्या गावात पहिलं काम झालं तिथे करा. सरांनी त्यानंतर कोणाचाही फोन आला तर 'ताईंना फोन लावा' एवढंच म्हणायचं, दर वेळी, निदान वर्षभर. नंबर ताईंचा स्वतःचा देऊ नका, कार्यालयाच्या त्या सिमचा द्या.